आशियाई क्रीडास्पर्धा : कोणते खेळ, आणि का?

१ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ शहरी आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत पहिला आला. वेळ लागला ८ मिनिटे १९.५० सेकंद. ही बातमी आपण सर्वांनी ऐकली, पेढेही वाटले गेले. पण स्टीपलचेस म्हणजे नेमके काय, असे विचारले तर पुष्कळजण 'ती अडथळ्यांची शर्यत हो' एवढ्यावर थांबतात. आणि त्याच स्पर्धेत कबड्डी होती, बुद्धिबळ होते, पत्त्यांतले ब्रिज होते, नाकाडावर ड्रॅगनचे मुख कोरलेल्या लांब होड्यांची शर्यत होती, इतकेच काय, संगणकावर खेळायचे खेळही होते, हे सांगितले म्हणजे ऐकणारा जरा गोंधळतोच. हे सगळे एका यादीत बसवले कोणी? आणि आपला खो-खो त्यात का नाही?

आज याच यादीविषयी बोलायचे आहे. विषय वरवर कारकुनी वाटतो. पण यादीत जे असते त्यालाच पदक असते, आणि पदकामागून शिबिर, शिष्यवृत्ती, नोकरी या गोष्टी येतात. खेड्यातल्या एखाद्या मुलामुलीचे अंगचे कसब जगाच्या हिशेबी धरले जाणार की गावच्या जत्रेपुरतेच राहणार, हे पुष्कळदा त्या यादीवरून ठरते.

आधी प्रारंभ पाहू. पहिली आशियाई क्रीडास्पर्धा आपल्याच देशात झाली, दिल्लीला, ४ ते ११ मार्च १९५१ या आठवड्यात. देश आले ११ आणि खेळाडू पाचशेहून थोडे कमी. खेळ किती होते म्हणाल, तर धावणे-उड्या-फेक हे मैदानी प्रकार, पोहणे व पाण्यातले इतर प्रकार, बास्केटबॉल, सायकलिंग, फुटबॉल आणि वजन उचलणे. झाली यादी! त्यात मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि मुंबईच्याच रोशन मिस्त्री स्त्रियांच्या १०० मीटरमध्ये दुसऱ्या आल्या.

या यादीत काय नव्हते ते पाहा. हॉकी नव्हती. १९२८ पासून ऑलिंपिकचे हॉकीचे सुवर्णपदक दुसऱ्या कोणाला न देणारा देश यजमान, आणि त्याच्या घरच्या स्पर्धेत हॉकी नाही! ती आली १९५८ मध्ये, टोकियोला. कुस्तीही नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला सहावे आलेले होते, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे १९५१ साली ते ऐन भरात होते. दिल्लीच्या मैदानावर त्यांच्यासाठी आखाडाच मांडलेला नव्हता.

कुस्ती यादीत शिरली १९५४ मध्ये, मनिलाला. पुढे आठच वर्षांनी जकार्ताच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल, गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. हे मल्ल काही १९५४ नंतर एकाएकी उगवले नाहीत. तालमी आधीपासून होत्या, खुराक होता, लाल माती होती. यादीत कुस्ती आली म्हणून जगाला दिसली इतकेच.

आता यादी ठरते कशी? ठरवणारी संस्था म्हणजे आशियाई ऑलिंपिक परिषद. ढोबळ मानाने यादीचे तीन थर समजा. तळाचा थर ऑलिंपिकमधल्या खेळांचा : धावणे, पोहणे, कुस्ती, नेमबाजी, हॉकी, बॅडमिंटन वगैरे. त्यातही मैदानी खेळ आणि पोहणे यांना कोणी हात लावत नाही. मधला थर आशियाच्या निरनिराळ्या भागांतल्या देशी खेळांचा. आपल्या दक्षिण आशियातली कबड्डी, आग्नेय आशियातला सेपाक टकरा, चीनकडचा वुशू, मध्य आशियातला कुराश. आणि वरचा थर यजमानाच्या पसंतीचा. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या आवडीचे एक-दोन पदार्थ पानात पडायचेच.

हे तिसरे प्रकरण मोठे गमतीचे आहे. १९८६ मध्ये स्पर्धा सोलला झाली तेव्हा तायक्वांदो आले. १९९० मध्ये बीजिंगला वुशू आला. १९९४ मध्ये हिरोशिमाला कराटे आले. २०१८ मध्ये जकार्ताला इंडोनेशियाने आपला पेंचाक सिलाट हा द्वंद्वाचा प्रकार घातला. त्यात १६ सुवर्णपदके होती, पैकी १४ इंडोनेशियानेच घेतली! यजमानाला नावे ठेवावीत असे काहीजणांना वाटते. मला स्वतःला त्यात फारसे वावगे दिसत नाही. ज्या देशाने आपला खेळ शेकडो वर्षे सांभाळला त्याने तो पाहुण्यांसमोर मांडावा. मात्र तो खेळ पुढच्या स्पर्धेत टिकतो की नाही, हे पाहण्यासारखे असते. कारण टिकायचे तर इतर देशांनी तो उचलावा लागतो. कराटे टिकले. पेंचाक सिलाट हांगझोऊच्या यादीत नव्हता.

यादी वाढत कशी गेली हे एका आकड्यावरून कळेल. १९५१ मध्ये सहा खेळ आणि ५७ सुवर्णपदके. हांगझोऊला ४० खेळ आणि ४८१ सुवर्णपदके. (ती स्पर्धा नावाने २०२२ ची, पण साथीमुळे झाली २०२३ मध्ये.) येथे एक भेद शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा. 'खेळ' वेगळा आणि 'प्रकार' वेगळा. मैदानी खेळ हा एक खेळ, पण त्यात शंभर मीटर, लांब उडी, भालाफेक, स्टीपलचेस असे कितीतरी प्रकार येतात. वर्तमानपत्रात '४० खेळ' वाचून मुले चाळीस पदके समजतात.

आता साबळेच्या त्या शर्यतीकडे वळू. जुन्या काळी इंग्लंड-आयर्लंडकडे घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. वाटेत कुंपणे, दगडी बांध, ओढे, जे येईल ते ओलांडायचे. मनोऱ्याला तिकडे स्टीपल म्हणतात, म्हणून हे नाव. पुढे घोडे गेले आणि माणसेच धावू लागली. आजच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. नेहमीच्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही. जाड लाकडी तुळई असते ती, पाय अडकला तर धावणाराच पडतो. पाण्याचा खड्डा सुमारे बारा फूट लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. जो लांब उडी टाकील त्याला पाणी कमी लागते. पाय ओले, बूट जड, आणि पुन्हा धाव.

मांडव्याच्या या मुलाची शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर होती. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. धावपटू म्हणून तो प्रथम पुढे आला तो सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत, म्हणजे रानोमाळ, चढउतारावरून धावण्याच्या शर्यतींत. स्टीपलचेस त्यानंतर, २०१७ च्या सुमारास, प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूत आणि त्याच्यात अंतर होते एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी पाच भागांचे. १९९४ नंतर राष्ट्रकुलात या शर्यतीचे पदक मिळवणारा केनियाबाहेरचा तो पहिलाच माणूस. पाण्याचा खड्डा आपल्या खेड्यातल्या शाळांकडे कोठून असणार? पण क्रॉसकंट्रीला एक घड्याळ आणि तीन-चार किलोमीटरची पायवाट पुरते, आणि बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या आपल्या भागात चढाची वाट शोधावी लागत नाही.

हा झाला तळाच्या थरातला खेळ. मधल्या थरात आपल्याला सर्वांत जवळची कबड्डी. आपले वडीलधारे तिला हुतूतूच म्हणत. तिची कथा थोडक्यात अशी. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. टाळ्या मिळाल्या, प्रवेश मिळाला नाही. मग नियम एक करणे, शेजारच्या देशांत संघ उभे करणे, संघटना बांधणे, अशी चिकाटीची कामे झाली. त्यात महाराष्ट्राचे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा फार मोठा. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून आली आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली. बर्लिनपासून मोजले तर ५४ वर्षे. स्त्रियांच्या कबड्डीला आणखी वीस वर्षे थांबावे लागले, ती आली २०१० मध्ये ग्वांगझोऊला.

१९९० ते २०१४ पुरुषांचे सुवर्णपदक दर वेळी भारताचे. मग २०१८ मध्ये जकार्ताला इराणने उपांत्य सामन्यात आपल्या पुरुषांना हरवले, आणि स्त्रियांच्या अंतिम सामन्यातही इराण २७, भारत २४. त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या बाई होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! पुष्कळांना तेव्हा राग आला. मला वाटते, राग येण्याचे कारण नव्हते. एकच देश जिंकत राहिला तर यादी ठरवणारे म्हणणारच की हा खेळ एका घरचा आहे. इराण जिंकला म्हणून कबड्डीची जागा पक्की झाली. आणि हांगझोऊला आपले दोन्ही संघ पुन्हा जिंकले. स्त्रियांचा अंतिम सामना चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा केवळ एका गुणाने. त्या स्पर्धेतले भारताचे ते शंभरावे पदक. एकूण झाली १०७.

सेपाक टकरा आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. जाळी असते, प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात, व्हॉलीबॉलसारखा चेंडू पलीकडे धाडायचा असतो, पण हात लावायचा नाही. पाय, गुडघा, छाती, डोके, काहीही चालेल. चेंडू मूळचा वेताचा विणलेला. खेळाडू हवेत उलटी कोलांटी घेऊन जाळीवरून लाथ मारतात, ते पाहताना मल्लखांबाच्या पोरांची आठवण होते.

कुराश ही उझबेकिस्तानकडची जाकीट घालून खेळायची कुस्ती. उभ्याउभ्या पकड घेऊन पाडायचे, जमिनीवर पडल्यावर झोंबाझोंबी नाही. २०१८ मध्ये ती यादीत आली आणि त्याच वर्षी बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव कांस्यपदक घेऊन आली. मुलगी मूळची ज्यूदोची. यादीत एक नवा खेळ आला आणि सीमाभागातल्या एका शेतकऱ्याच्या घरात पदक आले. असेच कंपाउंड धनुष्याचे. हे टोकांना चाके बसवलेले धनुष्य. ऑलिंपिकमध्ये २०२४ पर्यंत त्याला जागा नव्हती, आशियाई स्पर्धेत मात्र ते २०१४ पासून आहे. हांगझोऊला कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताने घेतली. नागपूरच्या ओजस देवतळेने त्यांतल्या तिहींत हात मारला. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकाची मुलगी अदिती स्वामी सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेऊन आली. ऑलिंपिकचीच यादी प्रमाण धरून बसलो असतो तर ही मुले कोठे दिसली असती?

यादी देते तशी काढूनही घेते, हेही ऐकून ठेवा. आपल्याच जिल्ह्यातला, पाटोद्याचा मल्ल राहुल आवारे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकला. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी खर्च आवरता घ्यायचा म्हणून खेळ दहावर आणले गेले, आणि त्यात कुस्ती गाळली. हॉकी, बॅडमिंटन, नेमबाजी, क्रिकेट हेही गाळले. चार-चार वर्षे एका पदकाकडे डोळे लावून बसलेल्या मल्लाला कोणी हरवले नाही, त्याची कुस्तीच लागली नाही. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचे २०२५ च्या नोव्हेंबरात ठरले. म्हणजे वरच्या थरात काय वाढायचे हे सुचवण्याची पाळी आता आपली आहे.

आणि येथे खो-खो येतो. आपल्या मराठी मुलखात शाळा तेथे खो-खो. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. दक्षिण आशियाई स्पर्धेत तो २०१६ मध्ये आला. पण आशियाई स्पर्धेच्या पदकयादीत हांगझोऊपर्यंत तो आलेला नव्हता. कारण तेच, खेळणारे देश कमी. ते वाढावेत म्हणून जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा भरवली गेली. २३ देश आले. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामने भारताने नेपाळविरुद्ध जिंकले, स्त्रियांचा ७८-४० असा. आपल्या स्त्री-संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या केज तालुक्यातली. कबड्डीला बर्लिनपासून बीजिंगपर्यंत जी वाट चालावी लागली, तिच्या मध्यावर कोठेतरी खो-खो आज उभा आहे.

मग खो-खो खेळणाऱ्या मुलीला आज काय मिळते, असे पालक विचारतात. विचारणारच. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, आणि खो-खो त्यात धरला जातो. मात्र कोणतेही प्रमाणपत्र चालत नाही. कोणत्या खेळाची, कोणत्या संघटनेने भरवलेली, कोणत्या पातळीवरची स्पर्धा, हे सारे क्रीडा खात्याकडे पडताळले जाते. गावोगाव खाजगी 'राष्ट्रीय' स्पर्धा भरतात, भारी शुल्क घेतात, झगझगीत प्रमाणपत्र देतात, आणि नोकरीच्या वेळी ते कागद कामाला येत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारून यावे. एका दिवसाचे एसटीचे भाडे लागेल, पण मुलाची दोन वर्षे वाचतील.

शिक्षकांसाठी एक शेवटची गोष्ट. विश्वचषकातला खो-खो आपल्या शाळेतला खो-खो नव्हे. मातीऐवजी मॅट, नऊऐवजी एका वेळी सात खेळाडू, आणि वेळही आखडता. मॅटवर पाय घसरत नाही, त्यामुळे खांबाजवळून वळण्याची पद्धत बदलते. सूर मारून गडी बाद करायला मुले बिचकत नाहीत, कारण कोपर-गुडघे सोलत नाहीत. आपल्या मुली मातीवर शिकतात आणि वरच्या पातळीवर त्यांची निवड होते मॅटवर. दोन्हींतले अंतर पहिल्या दिवशीच अंगावर येते. प्रत्येक शाळेला मॅट परवडणार नाही हे उघड आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी सर्व शाळांत मिळून एक मॅट असेल, आणि स्पर्धेआधी पंधरा दिवस पाळीपाळीने मुलींना तिच्यावर खेळायला मिळाले, तर पुष्कळ भागेल. अंबाजोगाईसारख्या, एवढ्या शाळा असलेल्या गावाला हे जड जाऊ नये. वर्गणी किती लागेल याचा अंदाज शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून काढावा, आणि तो पावसाळी स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काढावा.